भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म: घर सांभाळून रोज वाचणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

सर्वांना सप्रेम जयभीम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या या ग्रंथाबद्दल मोठमोठ्या अभ्यासकांनी भरपूर लिहून ठेवलं आहे, ते सोडून मी वेगळंच सांगून राहिली. घरात सासूबाई, नवरा, दहावीतला पोरगा, नळ, कूलर, गॅस हे सगळं चालू असताना हा ग्रंथ रोज वाचता येते का, अन् विकत घ्यायचा तर प्रत कशी पाहून घ्यायची, एवढंच. उत्तर आधीच देऊन टाकते. वाचता येते, चांगला वाचता येते, पण प्रत हातात घेऊन, उघडून, दोन-चार पानं चाळूनच घ्या, बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातून वरची उचलून घरी आणू नका.

आमच्याकडे आधीपासून एक प्रत होतीच, सासऱ्यांनी घेतलेली, भदंत आनंद कौसल्यायन यांनी केलेला हिंदी अनुवाद. भंतेजींनी नुसता अनुवाद नाही केला, त्यातल्या मजकुराचे मूळ पालि संदर्भही शोधून काढले, म्हणून ती प्रत सासरे फार जपायचे, अन् अजूनही ती कपाटात वरच्या खणात पांढऱ्या कापडात बांधून आहे. पण मला विचार मराठीतच समजते, हिंदी वाचताना मध्येच थांबून डोकं लावावं लागते आणि कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत वाचणाऱ्या बाईला तेवढी फुरसत नसते. म्हणून नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानातून मराठी प्रत घेतली, घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांचा अनुवाद. इंदोऱ्याहून मेट्रोनं रहाटे कॉलनी अन् तिथून ऑटो, उन्हाळ्यात हा सोपा रस्ता आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. या ग्रंथाची बांधणी घरकाम करणाऱ्या माणसाला इतकी सोयीची आहे की मला वाटते हे कोणी मोठ्यानं सांगतच नाही. एकूण ८ खंड, खंडाचे भाग, भागांची छोटी छोटी प्रकरणं, अन् प्रकरणात एकेका वाक्याला नाहीतर दोन-तीन वाक्यांच्या तुकड्याला आकडा दिलेला. बहुतेक प्रकरणं दोन-चार पानांत संपतात. म्हणजे दूध उतू चाललं, उठा, आकडा लक्षात ठेवा, दूध बंद करा, परत येऊन त्याच आकड्यावर बसा. कादंबरीत असं होत नाही, लांबलचक निबंधात तर नाहीच नाही, तिथं एकदा उठलं की मागचं पान परत वाचावं लागते. मी तर फ्रिजवर पेन्सिलनं आकडा लिहून ठेवते, दुसऱ्या खंडातलं अमुक प्रकरण, सतरावं वाक्य, अन् सांभार (कोथिंबीर) निवडता निवडता तेच एक वाक्य डोक्यात फिरवत राहते. बाबासाहेबांनी हा ग्रंथ साध्या माणसाच्या हातात पडावा म्हणून लिहिला हे आपण भाषणांत ऐकतो, मला ते या आकड्यांमध्ये दिसलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं, अन् मूळ इंग्रजी ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये. म्हणजे स्वतःच्या हातात छापील प्रत घेणं त्यांच्या नशिबी आलं नाही. मला हे जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा वाटते की ज्या माणसानं तब्येत खालावली असताना हे पूर्ण करून ठेवलं, त्याच्यासाठी आपण दिवसातली वीस मिनिटं काढू शकत नाही का? पण खरं सांगते, ती वीस मिनिटं काढणं बाईसाठी सोपं नाही, अन् यावर कोणी बोलत नाही. विहारात सांगतात रोज वाचा, मनन करा, चिंतन करा. कधी? पाचला उठलं तर नळ, नळ झाला की डबे, डबे झाले की सासूबाईंचा चहा अन् औषध, मग पोराचं ट्युशन, मग आपलं ऑफिस नाहीतर शिलाई नाहीतर जे असेल ते. संध्याकाळी बसावं म्हटलं तर टीव्ही. अन् बसलं की लगेच हाक येते, माझा चष्मा कुठं आहे, मीठ कमी आहे, गॅसवाला आला, याचे मोजे कुठं गेले. पुस्तक हातात असलं की बाई रिकामी बसली आहे असं घरातल्या प्रत्येकाला काहून वाटते कोण जाणे. पुरुष पेपर वाचत बसला तर कोणी त्याला मोजे विचारत नाही. याचा मला राग येते, अजूनही येते, अन् राग येऊन मग करुणेचं प्रकरण वाचायचं म्हणजे फार विचित्र वाटते, डोळे वाक्यावर अन् कान स्वयंपाकघरात.

यात मला ज्या पानांनी धरून ठेवलं ती पहिल्याच खंडात आहेत. सिद्धार्थानं घर काहून सोडलं हे आपण लहानपणापासून ऐकलं, म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं अन् रात्री बायको-पोरगं झोपेत असताना निघून गेला. बाबासाहेबांना हे पटलं नाही, प्रस्तावनेतच त्यांनी हा प्रश्न पहिला घेतला आहे. एकोणतीस वर्षाच्या माणसाला तोपर्यंत म्हातारं माणूसच दिसलं नाही हे कसं मानायचं? मग त्यांनी मांडलेलं कारण रोहिणी नदीच्या पाण्याचं. शाक्य (सिद्धार्थाचं कूळ) आणि शेजारचे कोलीय यांच्यात पाण्यावरून भांडण, शाक्य संघानं युद्ध ठरवलं, सिद्धार्थानं विरोध केला अन् त्याची किंमत म्हणून तो स्वतः परिव्राजक, म्हणजे घर सोडून फिरणारा संन्यासी, झाला. नळाच्या पाण्यावरून आमच्या लाइनीत उन्हाळ्यात जे होते ते पाहिलेल्या माणसाला हे कारण समजावून सांगावं लागत नाही.

पण माझं मन अडकलं ते त्याच्या पुढे, निरोपाच्या प्रकरणात. इथं सिद्धार्थ चोरून जात नाही. आईवडिलांना सांगतो, मग यशोधरेच्या महालात जातो अन् तिला काय बोलावं ते त्याला सुचत नाही. बोलते ती. मन आवरून म्हणते की तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, तुमचा निर्णय बरोबर आहे, माझी संमती आहे, मीही तुमच्यासोबत परिव्रज्या घेतली असती, घेत नाही ती फक्त राहुलला सांभाळायचं आहे म्हणून. आईवडिलांची अन् मुलाची काळजी करू नका, मी आहे, फक्त सगळ्यांच्या कल्याणाचा नवा मार्ग शोधा. (हे माझ्या शब्दांत आहे, मूळ तुम्ही वाचाच.)

हे वाचलं तेव्हा दुपारी घरात कोणी नव्हतं, अन् मी बराच वेळ रडली. तिला सगळं समजत होतं, त्याच्याएवढंच समजत होतं, अन् तरी ती राहिली कारण घरात एक लहान लेकरू होतं आणि दोन म्हातारी माणसं होती. आपल्या किती बाया अशाच आहेत बाप्पा, ज्यांना शिबिराला जायचं आहे, श्रामणेरी (भिक्खुणी होण्याआधीची दीक्षा घेतलेली बाई) व्हायचं आहे, पालि शिकायची आहे, दहा दिवस माहुरझरीच्या विपश्यना केंद्रात जाऊन बसायचं आहे, अन् घरात एक राहुल आहे म्हणून जात नाहीत. पुढं दुसऱ्या खंडात सिद्धार्थाला वाढवणारी मावशी महाप्रजापती गौतमी अन् यशोधरा दोघी संघात येतात हेही आहे, ते पण नक्की वाचा, कारण पहिल्या खंडावरच थांबलं तर यशोधरा नुसती मागं राहिलेली बायको वाटत राहते.

दुसरा भाग जो मी घरच्यांना मुद्दाम वाचून दाखवला तो पाचव्या खंडात, उपासकांसाठीचा विनय, म्हणजे घरगृहस्थी करणाऱ्यांनी वागायचे नियम. भिक्खूंचे नियम वेगळे, गृहस्थांचे वेगळे, अन् गृहस्थांच्यातही मुलांसाठी, शिष्यांसाठी, नवरा-बायकोसाठी, मालक-नोकरासाठी असं वेगवेगळं मांडलेलं. याच्या मुळाशी दीघ निकाय या पालि ग्रंथातलं सिगालोवाद सुत्त (सुत्त म्हणजे भगवानांचा उपदेश) आहे. सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडत असतो अन् भगवान त्याला सांगतात की दिशा म्हणजे माणसं. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण गुरू, पश्चिम बायको-मुलं, उत्तर मित्र, खाली कामकरी माणसं, वर श्रमण-ब्राह्मण. नवऱ्यानं बायकोसाठी करायच्या पाच गोष्टी त्या सुत्तात सांगितल्या आहेत, तिचा मान ठेवणं, तिला तुच्छतेनं न बोलणं, एकनिष्ठ राहणं, घरातला अधिकार तिच्या हाती देणं, अन् दागिने घेऊन देणं. जेवताना वाचलं मी हे. आमचे हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी त्यांनी भरलं आणि तेव्हापासून बहुतेक दिवस तेच भरतात. पोरानं दागिन्यांवर बोट ठेवलं, मी म्हटलं मला आधी सकाळची वीस मिनिटं दे, दागिने नंतर पाहू. अन् कामकरी माणसांबद्दल जे आहे ते तर प्रत्येक घरात भिंतीवर लावायला पाहिजेन, ताकद पाहून काम द्या, जेवण अन् मजुरी द्या, आजारपणात पाहा, काही चांगलंचुंगलं केलं तर त्यातलं द्या, वेळोवेळी सुट्टी द्या. भांडी घासायला येणाऱ्या ताईला महिन्यातून सुट्टी द्यायची की नाही यावर आजही आपल्या बाया वाद घालतात, तिथं अडीच हजार वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे.

आता वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, वाचनाबद्दल, कारण पुस्तक एकटीनं वाचणं अन् विहारात ऐकणं यात फरक आहे आणि दोन्ही पाहिजे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वंदना झाली की या ग्रंथाचं वाचन होते, कोणीतरी एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. तीन महिन्यांत ग्रंथ पूर्ण करायचा म्हणून कधीकधी फार घाईनं वाचतात, तिसऱ्या अन् चौथ्या खंडात ते चालत नाही. धम्म म्हणजे काय, अधम्म काय, सद्धम्म काय, धर्म अन् धम्मात फरक काय, कर्म अन् पुनर्जन्माचं बाबासाहेब काय म्हणतात, हे एका दमात वाचून कोणाच्याच पदरात पडत नाही. तिथं निम्मंच वाचा पण बोला त्यावर, अशी माझी विहारातल्या मंडळींना हात जोडून विनंती आहे. अन् वेळेचंही पाहा, संध्याकाळी सात-आठ ही बरोबर पोळ्यांची वेळ आहे, बाया मध्येच उठून जातात अन् मग पुरुष मंडळी म्हणतात की बायांना आवड नाही. आम्ही काही जणींनी म्हणून दुपारी तीनला वेगळं बसणं सुरू केलं, एकीच्या घरी, चहा नाही, नाश्ता नाही, म्हणजे जिच्या घरी बसायचं तिला काम नको. एक प्रकरण वाचायचं अन् त्यावर बोलायचं, पोरं शाळेतून यायच्या आत उठायचं.

एकदा एक भंतेजी (बौद्ध भिक्खू) आले होते तेव्हा त्यांनी मज्झिम निकायातलं एकविसावं सुत्त, ककचूपम, सांगितलं. श्रावस्तीत वेदेहिका नावाची गृहिणी, सगळ्या गावात नाव, फार शांत बाई, फार गोड बाई. तिच्या घरी काली नावाची दासी, कामात चोख. कालीच्या मनात आलं की मालकिणीला राग येतच नाही, की माझं काम चोख आहे म्हणून दिसत नाही? मग ती एक दिवस उशिरा उठली, मालकिणीच्या कपाळाला आठ्या. आणखी उशिरा उठली, बोलणी. आणखी उशिरा, तेव्हा वेदेहिकेनं दाराचा अडसर काढून तिच्या डोक्यात हाणला, रक्त निघालं, काली तशीच शेजारच्यांना दाखवायला गेली अन् नाव गेलं ते गेलं. भगवान भिक्खूंना म्हणतात, मनाविरुद्धचं बोलणं कानावर येईपर्यंत शांत असणारे पुष्कळ असतात, खरं काय ते त्यानंतर समजते. आमच्यातल्या सगळ्या बाया हे ऐकून एकमेकींकडे पाहू लागल्या. मग जे बोलणं झालं ते दोन तास चाललं, कोणाची सासू, कोणाची सून, कोणाचा दारू पिऊन येणारा नवरा. अन् एका ताईनं फार बरोबर विचारलं की भंतेजी, क्षांती (सहनशीलता) म्हणजे मार खाऊन गप्प राहणं का? ते म्हणाले नाही, अन्याय सहन करत बसा असं धम्म सांगत नाही, स्वतःला द्वेषानं जाळू नका एवढंच सांगतो, पोलिसात जायचं तर जा. मला हे फार महत्त्वाचं वाटते, कारण धम्माच्या नावाखाली बाईलाच सहन करायला सांगणारे कमी नाहीत.

माझ्या घरात असलं काही नाही, माझी चिडचिड साधी आहे, रोजची आहे. मागच्या पावसाळ्यात सासूबाई पडल्या अन् बरेच दिवस अंथरुणावर होत्या, तेव्हा पॅड बदलणं, अंग पुसणं, रात्री उठणं, अन् त्यात त्यांचं बोलणं. तेव्हा वाचन पार थांबलं, त्याचाही राग यायचा. एका रात्री सहज आठवा खंड उघडला. त्यात आजारी भिक्खूचं प्रकरण आहे. पोटाच्या आजारानं तो स्वतःच्याच घाणीत पडलेला, कोणी पाहत नाही. भगवान स्वतः पाणी ओततात, त्यांचा शिष्य आनंद त्याचं अंग धुतो, दोघं मिळून उचलून बिछान्यावर ठेवतात. अन् सांगतात की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. सासूबाईंना वाचून दाखवलं ते. त्या म्हणाल्या, “अजून एकदा वाच.” मग त्यांना रोजच लागलं, मी नाही वाचलं तर हाका मारायच्या, अन् माझ्या वाचायच्या वेळी मोजे विचारणाऱ्या नातवाला आता त्याच ओरडतात, “तिला वाचू दे ना रे!” राग येणं बंद नाही झालं माझं, हे स्पष्ट सांगते, पण वाचनाची वेळ अन् सासूबाईंची वेळ आता भांडत नाहीत, एकच झाली आहे.

आता प्रतीतले दोष. प्रकाशक बरेच आहेत, मी नाव घेत नाही, पण माझ्या प्रतीचं बाइंडिंग पहिल्याच वर्षी मधून सुटलं, दुसऱ्या खंडाची पानं हातात आली. रोज उघडायच्या ग्रंथाला शिवलेलं बाइंडिंग पाहिजे, नुसतं गमानं चिकटवलेलं टिकत नाही, नागपूरच्या मे महिन्यात तर गम सुटतेच. अक्षर बारीक आहे, चाळिशी लागलेल्यांना संध्याकाळच्या उजेडात त्रास होते, सासूबाईंसारख्यांना तर शक्यच नाही. पालि गाथांमध्ये काना-मात्रा-अनुस्वाराच्या चुका आहेत, वंदना पाठ असलेल्या माणसाला त्या लगेच टोचतात, अन् नवीन माणूस चुकीचंच पाठ करते. आतमध्ये खुणेची रिबीन नाही. मागं शब्दसूची नाही, म्हणजे उपासिका विशाखा कुठं आली, मेलेलं लेकरू घेऊन भगवानांकडे आलेली किसा गोतमी कुठं आली हे शोधायला अनुक्रमणिकेत वरून खाली बोट फिरवत बसा. कागद मात्र पांढरा आहे, मागचं छापलेलं पुढं दिसत नाही, अन् किंमत कोणालाही परवडेल अशी आहे, याबद्दल प्रकाशकांचे आभारच मानायला पाहिजेन.

घ्यायचं असेल तर अशोक विजयादशमीच्या (दसऱ्याच्या) वेळी दीक्षाभूमीवर स्टॉल लागतात तेव्हा घ्या, चार-पाच प्रकाशनांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, फक्त गर्दीत घाई करू नका, शक्य असेल तर एक-दोन दिवस आधी जा. पान मधोमध उघडून शिलाई दिसते का पाहा, त्रिशरणाची (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याची) पालि ओळ कुठं आली ती वाचून पाहा, चूक असेल तर ठेवून द्या. पोरं सेमी-इंग्लिशमधली असतील तर त्यांच्यासाठी शासनानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या मालिकेत ११ व्या खंडात मूळ इंग्रजी छापलं आहे, माझा पोरगा ते वाचते अन् मी मराठी, मग आकड्यावरून आम्ही जुळवतो, त्याचा अमुक आकडा तोच माझा अमुक आकडा.

नवीन वाचणाऱ्या बायांनी पहिल्या पानापासूनच सुरू केलं पाहिजे असं नाही. प्रस्तावना थोडी जड जाते. पहिल्या खंडातला निरोप, मग पाचव्यातला गृहस्थांचा विनय, मग आठव्यातलं किसा गोतमी अन् आजारी भिक्खू, एवढं झालं की पुस्तक आपोआप हातात येते, मग पहिल्यापासून घ्या. अन् कोणी प्रकाशक हे वाचत असतील तर मोठ्या अक्षरातली, दोन भागांत विभागलेली, शिवलेल्या बाइंडिंगची प्रत काढा, शंभर रुपये जास्त लावा, आमच्या दुपारच्या बैठकीतल्या सगळ्याजणी घेतील, मी सासूबाईंसाठी वेगळी घेईन.